नजमाबाईंचं बाकडं

काखेत गळू झालेला माणूस कायम कुणाला तरी निरोप देत असल्यासारखा दिसतो. एक हात वर धरून मी नजमाबाईंच्या दवाखान्यात पहिल्यांदा गेलो तो असाच. बाईंनी फारशी चौकशी न करता गळू बघितलं, इंजेक्शन दिलं आणि म्हणाल्या, "बाहेर बाकड्यावर बस. मी ऊठ म्हणेपर्यंत उठायचं न्हाय."

मी तेव्हा काल्हेरच्या एका गोदामात मालाची चढउतार बघायचो. तिकडे ट्रक येऊन उभा होता. मी बाकड्यावर बसलो आणि भिंतीवर घड्याळ शोधू लागलो. घड्याळ नव्हतं. मग मी फार हुशारी केली. मोबाइल कानाला लावला आणि "हॅलो, हॅलो, आवाज तुटतोय" असं म्हणत दारापर्यंत गेलो. मग पायरीवर. मग रस्त्यावर. आवाज इतका तुटत गेला की मी थेट नाक्यावरच्या वडापावच्या गाडीपाशी जाऊन पोचलो. फोनवर अर्थातच कुणी नव्हतं.

पहिला घास घेतला आणि गाडीवाल्याचा चेहरा बदलला. तो माझ्या खांद्यामागे बघत होता. वळून पाहिलं तर नजमाबाई. पांढरा कोट, डोक्यावर ओढणी, गळ्यात स्टेथोस्कोप आणि पायांत दवाखान्यात घालायच्या रबरी सपाता. त्यांच्यामुळे दोन रिक्षा थांबल्या होत्या, आणि दोन्ही रिक्षावाले तक्रार न करता पुढे काय होतं ते बघत होते.

"काय रे, इंजेक्शन पचलं काय तुझं?"

"बाई, तो फोन आला होता जरा..."

"वडापावचा?"

मी तोंडातला घास गिळला.

"चल. बस."

अर्धा वडापाव हातात घेऊन, दुसरा हात वर धरून, मी बाईंच्या मागून भर नाक्यातून परत गेलो. बाकड्यावरच्या लोकांनी सरकून जागा दिली. शेजारी खारबावची एक म्हातारी होती. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "पलतंस कशाला रं? आमी काय येडे हाव हितं बसाला?"

बाई आता नाहीत. पण त्यांचा विषय निघाला की माझ्या डोळ्यांसमोर आधी येतात त्या रबरी सपाता आणि मग ते बाकडं.

बाई इथल्याच, भिवंडीतल्या, जुन्या कोकणी मुसलमान घराण्यातल्या. त्यांच्या आजोबांचे हातमाग होते. पॉवरलूम आले तसे हातमाग मोडीत निघाले, आणि त्यातल्या एका मागाच्या सागवानाचं बाईंच्या वडिलांनी लेकीच्या दवाखान्यासाठी लांबलचक बाकडं करून घेतलं. पिढ्यान्‌पिढ्या सूत घासून त्या लाकडाच्या कडा अशा गुळगुळीत झाल्या होत्या की लहान पोरं त्यावरून आपोआप घसरायची. दवाखाना दोन खोल्यांचा. वरच्या मजल्यावर हनीफशेठचे लूम. ते चालू असले की बाईंच्या कपाटातल्या बाटल्या एकमेकींवर किणकिणायच्या, आणि ते कायम चालूच असायचे.

बाईंचा नियम एकच होता. कुठलंही नवं औषध असो, गोळी, सुई किंवा पोराच्या तोंडात घालायचं पातळ औषध, पहिला डोस बाईंच्या समोर घ्यायचा आणि मग बाकड्यावर बसायचं. किती वेळ, ते विचारायचं नाही. भिंतीवरचं घड्याळ त्यांनीच काढून टाकलं होतं. "लोकं औषधाकडे बघत न्हायत, काट्याकडे बघतात," असं त्यांचं म्हणणं. अख्ख्या गावात त्यांना 'बसा डॉक्टर' म्हणायचे. त्यांना ते माहीत होतं. एकदा पोस्टमनने तेवढाच पत्ता वाचून पाकीट आणून दिलं, तेव्हा त्यांनी ते सही करून घेतलं.

दुसरी खोड याहून विचित्र. बाकीच्या दवाखान्यांत भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी असते. बाईंच्या बाकड्यावर गप्प बसायला मनाई होती. पडद्याआड त्या कुणाचं तरी पोट दाबत असायच्या आणि तिथूनच ओरडायच्या, "बाहेर कोण बसलंय? आवाज येऊ दे." मोठी माणसं एकमेकांशी बोलायची, लहान पोरांना बाई कामाला लावायच्या. घरात कोण कोण आहे ते सांग. सकाळी काय खाल्लंस. कुणी कुणाला मारलं. पोरं खरं बोलतात, त्यामुळे भिवंडीतली बरीच गुपितं त्या बाकड्यावर फुटली. अमक्या घरात सासूसुनेचं बोलणं बंद आहे, तमक्याचा मामा पोलिसांत नाहीच, असल्या बातम्या पहिल्यांदा तिथे कळायच्या. आया पोरांचं तोंड दाबायच्या आणि आतून बाई म्हणायच्या, "दाबू नको. बोलू दे त्याला."

त्यांचा कंपाउंडर दामू एकदा म्हणाला, "बाई, एक टीव्ही लावू या. कार्टून लागलं की पोरं कशी गप बसतात."

"म्हणूनच न्हाय लावायचा," बाई म्हणाल्या.

हे आम्हाला कुणालाच कळत नव्हतं. गिरणगावाला असतो तसा भिवंडीलाही वेळेचा जाच असतो. शिफ्ट सुटलेला माणूस झोपायला धावतो आणि लागलेला माणूस लूमकडे. त्यात समोरच एक नवा एसी दवाखाना उघडला. टोकन घ्या, आत जा, बाहेर या. बाईंचं बाकडं हळूहळू रिकामं दिसायला लागलं. दामू दारात उभा राहून समोरची गर्दी बघायचा आणि सुस्कारे सोडायचा. बाई मात्र रोज सकाळी आल्या की आधी कपाटातला एक लाल डबा उघडायच्या. शाळेत पोरं नेतात तसला, झाकणावर माशाचं चित्र असलेला. आतलं सगळं जागच्या जागी आहे ना, तारखा उलटल्या नाहीत ना, ते बघायच्या आणि झाकण लावायच्या. त्या डब्याला दामूशिवाय कुणी हात लावायचा नाही. आम्हाला वाटायचं बाईंचा जेवणाचा डबा असेल, आणि बाईंना भूक फारच कमी असेल.

हनीफशेठनेही एकदा बसायला नकार दिला होता. कंबरेत सुई घेतली आणि निघाला. म्हणाला, "डॉक्टर, मला काय होतंय? वर माझे लूम थांबलेत."

"सगळे असंच म्हणतात," बाई म्हणाल्या. "हनीफ, लूमवर नवा बीम चढवलास की कारागीर काय करतो? चालू करून चहाला जातो?"

बीम म्हणजे उभ्या धाग्यांचा भला मोठा रूळ. तो चढवला की एकेक धागा जोडून मग लूम चालू करतात.

"चहाला कसा जाईल?" हनीफशेठ म्हणाला. "उभा राहतो तिथंच."

"कशाला?"

"धागा तुटतो का बघायला. सुरुवातीचं कापड निघेपर्यंत हलायचं नाय."

"अन् हलला तर?"

"कापडाचा अख्खा ताका खराब."

"मग तू काय ताक्यापेक्षा हलका माल हायस?"

हनीफशेठ बसला. नुसता बसला नाही, त्या दिवसापासून बाईंचा प्रचारकच झाला. बाकड्यावर कुणी चुळबुळ करायला लागलं की जिन्यातून जाता जाता थांबून तो त्याला बीमची गोष्ट ऐकवायचा.

या बसवण्यामागे काहीतरी मोठी दुःखद हकिकत असणार असं मला फार वाटायचं. मला गोष्टी सांगायची हौस आहे, आणि हौशी माणसाला सगळीकडे हकिकत दिसते. एकदा धीर करून विचारलं, "बाई, तुमच्या हातून कधी... म्हणजे सुरुवातीला काही झालं होतं का?"

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "काय व्हायचंय? पुस्तकात लिहिलंय. पहिल्या डोसाला पेशंटवर नजर ठेवा. वाचतात सगळे. थांबायला कुणाला आवडत न्हाय, एवढंच." आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. माझी हकिकत तिथेच मेली.

माझी मुलगी जुई तेव्हा चार वर्षांची होती. कान ठणकत होता, ताप होता, सकाळपासून किरकिर चालली होती. बायको सुनंदा शाळेत शिकवते, तिच्या शाळेत त्या दिवशी परीक्षा, म्हणून मी रजा काढून पोरीला घेऊन आमच्या शेलार गावाहून बाईंकडे आलो. बाईंनी कान बघितला, घसा बघितला, औषध काढलं.

"हे आधी कधी दिलंय हिला?"

"नाही, बाई," मी ठामपणे सांगितलं. पोरांच्या औषधांबद्दल बाप मंडळी जितकं कमी जाणतात तितक्या ठामपणे बोलतात.

दामूने चमचा भरला. गुलाबी, गोड औषध. जुईने ते चाटूनपुसून घेतलं आणि आम्ही बाकड्यावर येऊन बसलो. शेजारी अन्सारीचाचा होते, हनीफशेठकडचे जुने कारागीर. लूमचा धोटा लागून त्यांचं बोट ठेचलं होतं. त्यांना मराठी अर्धं समजायचं आणि बोलता अजिबात यायचं नाही. जुईला तेवढं पुरेसं होतं.

"चाचा, तुम्हाला माहितीये? आमचे बाबा खाडीत पडले."

"अच्छा? फिर?"

"खारबावला. मावशीच्या हळदीला. बाबांनी नवे बूट घातलेले."

"फिर क्या हुआ?"

"बाबा बांधावर फोटो काढत होते. स्वतःचाच. मग एक पाय गेला चिखलात."

"अरे बाप रे."

"मग दुसरा पण गेला."

एव्हाना सगळं बाकडं ऐकायला लागलं होतं. कोपऱ्यातल्या दोन बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी म्हणालो, "जुई, गप बस जरा. बरं नाहीये ना तुला?"

"बाईंनी बोलायला सांगितलंय," जुई म्हणाली आणि चाचांकडे वळली. "मग बाबा ओरडले, आई गं."

थोड्या वेळाने ती थांबली. एकदोनदा शिंकली, तळहात कराकरा खाजवला आणि माझ्या दंडाला डोकं लावून बसली. मला बरं वाटलं. म्हटलं, पोरगी ऐकते आपलं. चिखलातून मला बाहेर कसं काढलं, तो भाग अजून यायचा होता आणि तो सर्वांत वाईट होता. मी मोबाइल काढला.

"गुड़िया, फिर?" चाचांनी विचारलं.

जुई काहीतरी म्हणाली. घोगरं, कापडात गुंडाळल्यासारखं.

पडद्याआडून बाईंचा आवाज आला. "ती पोरगी गप का झाली?"

"झोप आली तिला, बाई."

माझं वाक्य संपायच्या आत पडदा सरकला होता. आतला पेशंट शर्ट वर धरून तसाच बसून राहिला. बाईंनी जुईची हनुवटी वर केली. ओठ सुजले होते. माझ्या डोळ्यांदेखत सुजत होते आणि मी मोबाइल बघत होतो. बाईंनी फ्रॉक वर केला. पोटावर लाल गांध्याच गांध्या उठल्या होत्या.

आमच्याकडे अंगावर गांध्या उठल्या की ते पित्त, आणि पित्तावर आमसुलाचा कोळ. मी म्हणालो, "पित्त उठलंय वाटतं. घरी नेऊन आमसूल लावू का?"

बाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "नाव काय तुझं, बाळा?"

जुईने तोंड उघडलं. नुसती हवा आली.

"दामू, डबा."

तो माशाच्या चित्राचा लाल डबा बाकड्यावर उघडला तेव्हा त्यात जेवण नव्हतं, सुया आणि औषधाच्या छोट्या कुप्या होत्या. बाईंनी जुईला बाकड्यावर आडवं केलं, सुई भरली आणि तिच्या मांडीत, बाहेरच्या बाजूला, सरळ टोचली. मी पोरीला उचलून छातीशी धरायला गेलो तर बाईंचा हात आडवा आला. "उचलू नको. उभं करायचं न्हाय तिला. पाय वर धर, तेवढंच कर." मी पाय धरले. इवलेसे पाय, एका पायातला सॅंडल कुठे गेला होता कोण जाणे. चाचांनी आपला रुमाल घडी करून तिच्या डोक्याखाली सरकवला.

बाईंनी कानांत स्टेथोस्कोप घातला आणि मान वर केली. "वरचे लूम बंद करा रे. मला हिची छाती ऐकू येत न्हाय."

चाचा ठेचलेलं बोट वर धरून जिन्याने पळाले. त्यांच्या वयाचा माणूस असा पळताना मी पुन्हा पाहिला नाही. वरून हनीफशेठचा आवाज आला, "बंद कर, सब बंद कर," आणि एकेक करत लूम थांबले. कपाटातल्या बाटल्या किणकिणायच्या थांबल्या. भरदिवसा तिथे इतकी शांतता झाली की माझ्या पोरीचा श्वास सगळ्यांना ऐकू आला. बारीक शीळ वाजत होती. आत जाताना वाजत होती आणि बाहेर येताना अडकत होती. कुणी हललं नाही. कोपऱ्यातल्या दोघी बाया हात जोडून उभ्या होत्या आणि चाचा जिन्यात थांबून ओठ हलवत होते.

मी कधी देवाला काही मागितलं असेल तर त्या शिळेच्या दोन टोकांमध्ये.

"येतोय," बाई म्हणाल्या. "श्वास मोकळा होतोय. पण हे परत उलटू शकतं. मोठ्या हॉस्पिटलात न्यायची. आत्ताच."

अँब्युलन्सला फोन झाला, ती पुलापलीकडे अडकली होती. दारात हनीफशेठचा टेम्पो उभा होता, कोऱ्या कापडाच्या ताक्यांनी भरलेला. हनीफशेठने मागचं फाळकं पाडलं. बाईंनी जुईला आडवीच उचलायला लावली, ताक्यांवर निजवली, आणि मग साठी उलटलेल्या त्या बाई कोट सावरत, रबरी सपातांनिशी टेम्पोत चढल्या. मी पुन्हा पाय धरून बसलो. लाल डबा बाईंच्या मांडीवर, दुसरी सुई भरून तयार.

कल्याण नाक्यावर नेहमीप्रमाणे सगळं तुंबलं होतं. दोन कंटेनर एकमेकांसमोर येऊन थांबले होते आणि त्यांच्या मध्ये रिक्षा भरल्या होत्या. हनीफशेठ ड्रायव्हरशेजारून खाली उतरला आणि टेम्पोच्या पुढे धावायला लागला. जो एरवी जिना चढताना दोनदा थांबायचा तो माणूस बॉनेटवर थापा मारत ओरडत होता, "साइड दे, साइड! बसा डॉक्टर हाय अंदर! बच्ची हाय!"

आणि काय सांगू, रस्ता झाला. एका रिक्षावाल्याने मान बाहेर काढून बघितलं आणि गाडी गटारापर्यंत मागे नेली. त्याचं पोर बाकड्यावर बसून गेलेलं असणार. एक कंटेनरवाला शिव्या देत होता, त्याला फळवाल्याने खाली उतरून समजावलं. पुढे कुणी हवालदार, कुणी पानवाला, कुणी बुरखेवाली बाई हात करत होती. ज्या ज्या लोकांनी त्या बाकड्यावर बसून मनातल्या मनात बाईंचा उद्धार केला होता, ते सगळे त्या दिवशी उठून रस्ता करत होते. बाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांची बोटं जुईच्या मनगटावर होती आणि त्या एकच शब्द म्हणत होत्या. "बोल. बोल, बाळा. बोल माझ्याशी."

वंजारपट्टीच्या अलीकडे जुईने डोळे उघडले. ओठ अजून सुजलेलेच होते. तिने ताके बघितले, आकाश बघितलं, मग बाईंकडे बघितलं.

"चाचा कुठे गेले?"

आवाज घोगरा होता, पण आवाज होता.

"कशाला हवेत चाचा?" बाई म्हणाल्या.

"बुटांचं सांगायचं राहिलं."

"मला सांग."

"बूट चिखलातच राहिले."

"मग?" बाईंचा स्टेथोस्कोप तिच्या छातीवर होता.

"मग मामांनी बाबांना दोरीने ओढलं. बैलासारखं."

"मग?"

"मग बाबा अनवाणीच जेवायला बसले."

"अन् रडले काय?"

जुईने माझ्याकडे नीट बघून घेतलं. "तेव्हा नव्हते रडले," ती म्हणाली.

माझी फजिती चारचौघांत सांगितली गेली की मला राग यायचा. त्या टेम्पोत ती मी मान खाली घालून ऐकली, आणि ती संपू नये असं वाटत होतं.

मी सुनंदाला फोन लावला. ती "हॅलो, काय झालं? बोला ना" म्हणत राहिली आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. बाईंनी फोन काढून घेतला. "सुनंदा, नजमा बोलतेय. पोरीला औषध बाधलं होतं, सुई दिलीय, हॉस्पिटलात नेतोय. पोरगी बोलतेय. तुझा नवरा गप झालाय, पण त्याला काही होणार न्हाय. तू ये."

हॉस्पिटलात जुईला रात्रभर नजरेखाली ठेवलं. तिथल्या डॉक्टरने विचारलं, सुई कुणी दिली. सांगितल्यावर म्हणाला, "ही वेळेवर मिळाली म्हणून आपण हे बोलतोय." बाई तोपर्यंत निघूनही गेल्या होत्या. त्यांचा एक पेशंट शर्ट वर धरून बसला होता.

सुनंदाने दुसऱ्या दिवशी आठवून सांगितलं की हेच औषध जुईला आधी मिळालेलं होतं. मागच्या दिवाळीत आत्याकडे, तिच्या पिंट्याच्या बाटलीतलं उरलेलं. ताप तसाच होता आणि एवढी महागाची बाटली टाकायची कशी, म्हणून आत्याने दोन दिवस पाजलं होतं. तेव्हा काही झालं नाही. बाईंना हे सांगताना आम्हाला ओरडा खायची तयारी होती. बाई म्हणाल्या, "प्रत्येकाच्या फळीवर उरलेली बाटली हाय. घरी जा अन् तुमची आज मोरीत ओता." आम्ही ओतली. मग सुनंदाने आत्याला फोन करून तिच्याही ओतवल्या, आणि त्यानंतर सबंध शेलारमध्ये जिथे हळदीकुंकवाला गेली तिथली फळी तपासून आली.

पण बाईंचं खरं काम पुढेच होतं. त्यांनी जुईला त्या औषधाचं नाव पाठ करायला लावलं. अमॉक्सिसिलिन. चार वर्षांच्या पोरीला. "कागद हरवतो. बाप विसरतो," असं माझ्यादेखत म्हणाल्या. भेटल्या की पहिला प्रश्न तोच. "काय चालत न्हाय तुला?" आणि जुई दम घेऊन सांगायची. मग ती सगळ्यांनाच सांगायला लागली. भाजीवालीला, एसटीच्या कंडक्टरला, गणपतीला आलेल्या पाहुण्यांना. लग्नाच्या पंगतीत वाढप्याने "जिलबी?" विचारलं तरी ती म्हणायची, "चालेल. मला अमॉक्सिसिलिन चालत नाही." पुढे एकदा परगावी तिला ठेच लागून पाय पिकला, तिथल्या डॉक्टरांनी लिहायला पेन उचललं, आणि मी खिशात कागद चाचपत असताना जुईने नाव सांगितलं. डॉक्टरांनी पेन थांबवलं. बाप विसरतो, ते बाईंनी बरोबर ओळखलं होतं.

बाकडं पुन्हा भरलं. हनीफशेठची बीमची गोष्ट आता टेम्पोवर संपायची आणि दर खेपेला तो थोडा जास्त वेगाने धावलेला असायचा. समोरच्या एसी दवाखान्यातही दाराशी खुर्च्या मांडल्या गेल्या. दामूने ते बाईंना आनंदाने सांगितलं. बाईंनी डोकावून बघितलं आणि म्हणाल्या, "बसतात, पण बोलत न्हायत." दुसऱ्या दिवशी जाऊन त्यांनी ते त्या तरुण डॉक्टरलाही सांगितलं, आणि त्याने ऐकलं.

बाईंना मी शेवटचं पाहिलं ते कोरोनाच्या लशीच्या वेळी. दवाखाना तेव्हा बंद झाला होता, गुडघे साथ देत नव्हते. शाळेचा मोठा हॉल. लस घेतली की खुर्चीवर बसायचं, सोडतील तेव्हाच उठायचं. ओळींमागून ओळी, सगळी भिवंडी बसलेली. कारागीर, शेठ, गोदामातले हमाल, आमच्या शेलारचे म्हातारे. बाई काठी टेकत आल्या, सुई घेतली, आणि तो हॉल बघत जरा वेळ उभ्याच राहिल्या. ओढणी तेवढी नीट केली.

मी आणि सुनंदा पलीकडच्या ओळीत होतो. जुई आमच्याबरोबर हट्टाने आली होती, आता चांगली उंच झाली होती. थोड्या वेळाने बघतो तर बाई काठी घेऊन उठताहेत.

"कुठे निघालात?" जुईने त्यांच्यापुढे जाऊन विचारलं.

"घरी. मला काय होतंय?"

"सगळे असंच म्हणतात," जुई म्हणाली. "बसा."

आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. बाईंनी तिला ओळखलं. काठी बाजूला ठेवली आणि बसल्या.

"आणि गप नाही बसायचं," जुई म्हणाली. "बोला."

"काय बोलू?"

"काहीही. गोष्ट सांगा."

तेवढ्यात माझ्या ओळीला सोडलं. मी सगळ्यांसाठी चहा आणायला बाहेर गेलो. परत आलो तर हॉलच्या दारापर्यंत बाईंचा आवाज येत होता, लूमच्या वर चढवायची सवय असलेला, खणखणीत. "...एक हात असा वर, अन् दुसऱ्या हातात अर्धा वडापाव. अन् मला म्हणतो, फोन आला होता." सगळा हॉल हसत होता. मी चहाची पिशवी घेऊन दाराआडच उभा राहिलो. खुर्चीत ताठ बसून, हनुवटी वर करून बाई सांगत होत्या, आणि जुई त्यांच्यासमोर उकिडवी बसून दर वाक्याला विचारत होती, "मग?"

घरी जाताना सुनंदा म्हणाली, "गोष्ट संपल्यावर बाईंनी मला विचारलं, कुठाय तो? मी म्हटलं, समोरच्या वडापावच्या गाडीवर असेल. तर म्हणाल्या, असू दे. त्याचं इंजेक्शन पचलेलं दिसतंय."